स्टिअरिंगवरची बाई

अहो,

छत दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून तुमची जुनी, खेळण्याएवढी मॉडेल गाडी खोक्यासकट विकायला नेली. पारख करणाऱ्याने आतली चिमुकली ड्रायव्हर बाहुली उचलली आणि म्हणाला, "ताई, वस्तू दुर्मीळ आहे, पण कुणीतरी ही रंगवून किंमत अर्धी केलीय."

भिंगातून पाहिलं, तर माझाच हिरवा स्वेटर, माझाच चष्मा, हनुवटीवरचा तीळसुद्धा! स्टिअरिंगवर मी? अहो, खऱ्या गाडीची चावी मागितली की तुम्हाला खोकला येतो!

विकली नाही. कपाटात ठेवलीय. छताची गळती बादलीवर भागवू.

चावी शोधू नका, गाडी मी नेलीय. अंधार पडायच्या आत येते. फाटकाशी उभे राहा, शेजारी बसवून एक चक्कर मारून आणते. ओरडायचं मात्र नाही.