रुमालाचा उजेड

आई, तू धुतलेल्या रुमालाविषयी तुझ्याशी नीट बोलणे राहूनच गेले. नव्वदचे दशक लागले होते. राहुरीच्या प्रयोगशाळेत मी हिशेबाला होतो. आकडे काटेकोर उतरवतो म्हणून तिथल्या मॅडम मला अंधाऱ्या खोलीत नोंदी घ्यायला बसवीत. काम काय होते, ते पुन्हा एकदा सांगतो. प्रथिनाच्या रेणूला चमकणारे द्रव्य जोडायचे आणि त्यावर एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडायचा. तो प्रकाश घेऊन परत देईपर्यंत रेणू जरासा वळतो; परतलेला प्रकाश जितका विस्कटलेला, तितकी रेणूची हालचाल अधिक. त्या आठवड्यात आमचा रेणू हलेचना. मॅडमनी सगळे तपासले आणि शेवटी अतिनील दिवा माझ्या हातातल्या रुमालावर धरला. ज्या रुमालाने मी रेणूचे द्रावण ठेवायची काचेची कुपी पुसत असे, तो निळा झळाळत होता. कपडे शुभ्र करणारी तुझी पावडर काचेला लागून चमकत होती, आणि चिकटून बसलेली वस्तू हलणार कशी? घरचा रुमाल इथे आणायचा नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी ते जसेच्या तसे तुला सांगतो. तू भाकरी थापते आहेस. हात थांबतो.

"आमी धुतलेलं बी चालंना व्हय रे त्यास्नी?"

लहानपणी गावच्या विहिरीपासून लांब उभी राहून, कोणी पाणी वाढेल म्हणून थांबणारी मुलगी ते विचारत होती, हे मला समजले. तरीही मी रेणूच समजावत बसलो.

मग मॅडमना विचारून तुला तिथे नेले. विहारात जाताना नेसायचे पांढरे पातळ तू नेसली होतीस. खोली अंधारली, दिवा लागला, आणि तेवढे तुझे पातळ उजळून निघाले.

"मावशी, तुमचं धुणं इतकं उजळ, की आमच्या यंत्राला दुसरं काही दिसेना," मॅडम म्हणाल्या.

"मंग यंत्रालाच चष्मा लावा की बाई," तू म्हणालीस, आणि आम्ही तिघेही हसलो.

परतताना एसटीत मात्र तू खिडकीबाहेरच पाहत राहिलीस. त्यानंतर माझ्या खिशात तू कधी रुमाल ठेवला नाहीस. दोष फक्त पावडरचा होता अशी तुझी खरोखर खात्री पटली होती, की माझ्या नोकरीला जपण्यासाठी तू हसलीस, याचा निर्णय मला आजवर करता आलेला नाही, आणि हे पत्र पाठवण्याजोगे ठिकाणही नाही. एक मात्र कबूल करतो. घरात दुसरे कोणी नसते, तेव्हा कधीकधी मी तो रेणू पहिल्यापासून मोठ्याने समजावून सांगतो, आणि तुला काही विचारायचे असेल म्हणून मधे थोडा थांबतो.