चाळिसाव्याचा साफा

४ जाने. १९५७, शुक्रवार
अब्बांना जाऊन आज सतरावा दिवस. मशिदीत त्यांची पेशइमामाची जागा रिकामी. मामूंनी कशीबशी जुम्म्याची नमाज पढवली. बाहेर आल्यावर माझी पाठ थोपटून म्हणाले, "मास्तर सुधरला बाप्पा! पयले मशिदीतली चटईची टोपी डोक्यावर ठेवून नमाजपुरता राहे, आता दिवसभर टोपी उतरत नाई." सगळे खूश. मीही हसलो. टोपी भुवयांपर्यंत का ओढतो, ते कुणी विचारलं नाही.
उजव्या भुवईच्या वर रुपयाएवढा फिकट चट्टा. दिवाळीपासून. आज पुन्हा टाचणी टोचली. काही जाणवलं नाही.

७ जाने.
चौथीला आरोग्याचा तक्ता शिकवला. 'बधिर चट्टा लपवू नका, दवाखान्यात जा.' मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं. माझ्याइतका ढोंगी गुरुजी जिल्ह्यात सापडायचा नाही.
महारोग. शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. नोकरी जाईल. राबियाला तिचे भाऊ माहेरी घेऊन जातील. शेजारच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, कोतवालाला गावाबाहेर झोपडी घालून दिली, ताट वेगळं. लोक वाईट नव्हते, घाबरले होते. मी स्वतः त्या रस्त्यानं जायचं सोडलं होतं.

११ जाने., शुक्रवार
मामू म्हणाले, "टोपी जरा वर घे बेटा. सजद्यात कपाळ जमिनीले लागलं पाह्यजे, कपडा नाई." अब्बाही हेच सांगत. टोपी फर्ज नाही, अदब आहे. नमाज नीयतीनं होते, पण अल्लाहसमोर उघड्या डोक्यानं उभं राहू नये, असं म्हणत. मी ती अदबच लपायला वापरतो.
टोपी वर केली. सजद्यात चटईच्या काड्या कपाळाला डावीकडे टोचल्या. उजवीकडे
लिहवत नाही.

१६ जाने.
मामू घरी आले. २७ ला अब्बांचा चाळिसावा, त्याच दिवशी मला इमामतीचा साफा. अब्बांनंतर कुराण नीट पढणारा गावात मीच. "तुही टोपी मी उतरवीन, माह्या दुल्हाभाईची, तुह्या अब्बाची टोपी तुले घालीन, तिच्यावर साफा."
म्हटलं, माझ्याच टोपीवर बांधा ना.
"नाई. पयले डोकं उघडं करा लागते, सगळ्या जमातीसमोर. बापाची जागा अशी मिळते."
राबिया चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मामू, हे झोपतानाही टोपी काढत नाईत आजकाल." मामूंचे डोळे भरून आले. मला ओरडावंसं वाटलं.

२० जाने.
हळद, राख, शाई. सगळं लावून पाहिलं. घामानं पुसलं जातं. मंडईच्या जत्रेत नाटक उतरलंय, त्यांच्याकडे चेहऱ्याचा रंग असतो. अर्ध्या वाटेतून परत आलो. काय सांगून मागणार?
आजारी पडल्याचं सोंग करावं? पुढच्या रविवारी बांधतील. पळून जावं? कुठे?

२६ जाने.
झेंडावंदन. आज गांधी टोपी. तीही खाली ओढली. राष्ट्रगीत चालू असताना डोक्यात एकच: उद्या.

२७ जाने., रविवार
तीस-पस्तीस माणसं. मामूंनी समोर अगदी जवळ उभं राहून टोपी उचलली. मी डोळे मिटले. वारा कपाळाला लागला तेवढं कळलं. मामूंचा हात थांबला. मग अब्बांची टोपी डोक्यावर बसली आणि साफ्याचे वेढे सुरू झाले. पहिलाच वेढा अगदी खाली, भुवईला टेकून. सगळीकडून मुबारक, मुबारक.
वाचलो. जेवताना दोन घास जास्तच गेले. मामूंनी पाहिलं नसावं, म्हातारपणी नजर कमी झालीच आहे.

२८ जाने.
रात्री झोपेत टोपी सरकली. सकाळी राबिया म्हणाली, "कपाळाले काय लागलं जी? रक्त सुकून राह्यलं."
आरसा घेतला. चट्ट्याच्या मधोमध नखाची खूण, चांगली खोल. मामूंनी दाबलं होतं. मी हूं की चूं केलं नाही.
राबियाला सांगितलं, शाळेच्या दाराचा खिळा. तिनं हळद लावली. बोट त्या जागेवर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिलं. मग उठून चुलीकडे गेली.

३१ जाने.
मामू तीन दिवस फिरकले नाहीत. रस्त्यात दोन माणसं बोलत उभी दिसली की मी वाट बदलतो. आज शाळेत खडू हातातून पडला. बोटांतही शिरलं की काय म्हणून दिवसभर बोटं चावत बसलो. दुखलं. इतका आनंद कधी झाला नव्हता.

१ फेब्रु., शुक्रवार
साफा बांधून पहिली नमाज पढवली. मामू नेहमी पहिल्या रांगेत. आज मागे, दाराशी. नमाजीनंतर सगळ्यांनी हात मिळवले. मामू शेवटी आले. दोन्ही हातांनी माझा हात धरला, पण तोंडाकडे पाहिलं नाही.
"सोमवारी माही बैलबंडी वडशाले चालली. तू ये संग."
कशाला, मामू?
"बिस्तर घेऊन ये." गेले.
वडशाला मोठा डॉक्टर आहे. तिथेच रेल्वेही आहे, आणि महारोग्यांच्या वसाहतीत नेतात ते तिथूनच गाडीत बसवून. मामूंच्या मनात यातलं काय आहे? विचारायला त्यांच्या दारापर्यंत गेलो. कडी वाजवायची हिंमत झाली नाही.
घरी आलो तर अंगणात सतरंज्या उन्हात टाकलेल्या. बिस्तराचं मी राबियाला अजून सांगितलंही नव्हतं. मामू येऊन गेले असणार. सतरंज्या दोन, एक माझी, एक तिची.
विचारलं, दोन कशाला?
"थंडी आहे," म्हणाली, आणि पाठ फिरवून झटकत राहिली.