जोडाक्षरं राहिली

सर, गेला महिनाभर मी एका जागी नीट बसू शकत नाही. कार्यालयात फाईल उघडते, चार ओळी वाचते आणि उठून माठापर्यंत जाऊन येते; तहान लागलेली नसते. घरी कणीक मळायला घेते आणि मधेच हात धुऊन दाराशी जाऊन उभी राहते. घरातले विचारतात, काय झालं? काही नाही, म्हणते. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि या पंधरा वर्षांत तुमची आठवण निघेल अशा प्रत्येक वळणावरून मी बाजूने निघून गेले. आज रविवार. दुपारचं जेवण उरकून स्वयंपाकघरातल्याच टेबलावर कागद घेऊन बसले आहे. एवढ्या ओळी लिहीपर्यंत दोनदा उठले.

झालं असं की गेल्या महिन्यात एक बाई माझ्या टेबलापुढे आल्या. मी आता साकोलीला आहे, तालुक्याच्या कार्यालयात कारकून. निराधार बायकांच्या पेन्शनचे कागद माझ्याकडे असतात, आणि आपण हयात आहोत हे त्यांना दरवर्षी येऊन सांगावं लागतं. या बाई साठीच्या पुढच्या, डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. मी फॉर्म पुढे केला आणि सही करा म्हटलं. त्यांनी पेन घेतला, फॉर्म सरळ केला आणि स्वतःचं नाव लिहिलं. सावकाश, गोल अक्षरात, वरची रेघ शेवटी एका दमात ओढून. मग पेन खाली ठेवला आणि अंगठा शाईच्या डबीकडे नेला.

"हे काय? पूर्ण लिहा ना. येतं तर तुम्हाला."

"अर्धीच येते मॅडम," त्या म्हणाल्या. "माझं नाव सरळ हाये, ते शिकली. बुढ्याचं नाव जोडाक्षराचं. जोडाक्षरं लागाच्या आधीच वर्ग बंद पडला ना."

कुठला वर्ग, हे मी विचारायला नको होतं. पण विचारलं. "भंडाऱ्याले, लायब्ररीत. सर शिकवत," त्या म्हणाल्या आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी त्याच ना? खिडकीपाशी बसत होत्या. मले 'ळ' तुमीच तर शिकवला!" आणि एवढ्या आनंदाने हसल्या की मागे रांगेत उभ्या असलेल्या दोघीजणीही हसल्या. मी शाईची डबी पुढे सरकवली. अर्ध्या सहीच्या शेजारी अंगठा उमटला. मी फॉर्मवर शिक्का मारला.

त्या कोण, ते तुम्हाला सांगायला नको. पितळी भांड्यांच्या दुकानात भांडी घासून चकचकीत करायचं काम करायच्या. बोटांच्या रेघांत काळं बसलेलं असायचं, त्यामुळे त्यांची पाटी कायम मळकी. बाकीच्या बहुतेक विड्या वळणाऱ्या, एक भाजी विकणारी, दोघी धुणीभांडी करणाऱ्या. दुपारी तीनला त्या यायच्या, चपला वाचनालयाच्या पायरीवर ओळीने काढायच्या आणि हॉलच्या एका टोकाला सतरंजीवर बसायच्या. दुसऱ्या टोकाला आम्ही स्पर्धा परीक्षावाले. मधे मासिकांचं एक कपाट, तीच काय ती भिंत. दाराशी ग्रंथपालाचं तुमचं टेबल, आणि तिथेच तुमचा फळा. सोमवारी मुलांसाठी गोष्टी, बुधवारी कुणाचाही अर्ज भरून देणं, बाकीचे दिवस बायकांचा वर्ग. त्या फळ्यावर एकाने 'मोफत' असा शब्द लिहिला होता, तो तुम्ही पुसलात. "मोफत म्हटलं का माणूस खालमानेनं येते," म्हणालात आणि तिथे 'सगळ्यांसाठी' लिहिलंत.

मी करडीहून आलेली. वडिलांची धानाची शेती, घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. भंडाऱ्याला दोघींत एक खोली होती, तिथे अभ्यास होत नसे म्हणून सकाळपासून तुमच्याकडे. जाडजूड संदर्भ पुस्तक दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून तुम्ही ते माझ्यासाठी तुमच्या खणात ठेवायचात, आणि मी आले की काही न बोलता काढून द्यायचात. एक दिवस पुस्तक दिलंत आणि म्हणालात, "आठवड्यातून तीन दिवस एक एक तास त्या बायांजवळ बसत जा." मी म्हटलं, सर, वेळ नाही. तुम्ही म्हणालात, "वेळ मलेही नाही. बस." आणि मी बसले. खरं सांगते, पहिले काही दिवस मला ते आवडलंही. मॅडम म्हणायच्या मला. मी तेवीस वर्षांची, आणि माझ्या आईच्या वयाच्या बाया मला मॅडम म्हणायच्या.

मग एका दुपारी या भांडीवाल्या बाईंना 'ळ' काही केल्या आठवेना. मी म्हटलं, "कालच शिकवला ना! कालचं आज विसरता?" आवाज चढला होता. तुम्ही रजिस्टर मिटून उठलात, कपाटाला वळसा घालून आलात आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "त्यांनी काल इथून जाऊन पन्नास भांडी घासली, मग विसरल्या. तू काल इथून जाऊन काय केलं?" मी खोलीवर जाऊन झोपले होते. त्या बाईच मधे पडल्या, "जाऊ द्या ना सर, लहान हाये." त्या लहान म्हणाल्या याचाच मला जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी मी पाटीवर 'ळ' काढून दिला, त्यांचा हात धरून गिरवला, पण मनातून तिथून उठून गेले होते.

त्यानंतर महिन्याभराने परीक्षेची जाहिरात आली. आता मला त्यांचा आवाज सहन होईना. बारा बायका एका सुरात 'कमळ', 'बदक', 'गवत' म्हणतात आणि मी एकच परिच्छेद चौथ्यांदा वाचते आहे. एखादीचं लेकरू रडतं. एखादीला पहिल्यांदा अख्खा शब्द वाचता येतो, तर बाकीच्या टाळ्या वाजवतात. मी शेजारच्या मुलीला म्हटलं, हे थांबायला हवं. ती म्हणाली, बोलायचं कुणी? मी म्हटलं, लिहूया. वहीतला कागद फाडला, वाचनालयाच्या कमिटीच्या नावाने अर्ज लिहिला, टेबलाटेबलांवर फिरून सह्या घेतल्या. एका मुलाने सही करायला नकार दिला, तर मी त्याला म्हटलं, तुला नोकरी नको असेल, आम्हाला हवी आहे. त्यानेही केली.

अर्ज तुमच्यामार्फतच जायचा होता. मी तुमच्या टेबलावर ठेवला तेव्हा तुम्ही चहा पीत होतात. तुम्ही तो दोनदा वाचलात. मग खिशातून लाल पेन काढलात. "हे 'व्यत्येय' नाही, 'व्यत्यय'. आन् इथं स्वल्पविराम कायले? कमिटीसमोर जाणारा कागद शुद्ध पाहिजे. पुन्हा लिहून आण."

"मी नाही लिहिला सर. आम्ही सगळ्यांनी मिळून..."

"असू दे. अक्षर तुझं चांगलं आहे. तूच लिहून आण."

मी लिहून आणला, सर. शुद्ध. पुन्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तुम्ही त्यावर तुमची सही करून तो वर पाठवलात, आणि कमिटीने परीक्षा होईपर्यंत वर्ग थांबवायचं ठरवलं. ज्या दिवशी तुम्ही ते बायकांना सांगितलंत त्या दिवशी मी मुद्दाम उशिरा आले. पायरीवर चपला नव्हत्या.

हे सगळं मला माहीतच होतं. पण त्या दिवशी माझ्या टेबलापुढे कागद आवरत उभ्या राहून बाईंनी जे पुढे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. "लेकरांची परीक्षा हाये, आपण थांबू, असं सर म्हणाले," त्या म्हणाल्या. "मंग सर आमच्या मोहल्ल्यातच येऊन शिकवत. बुद्धविहारात. ऐतवारी. सायकलीनं येत, फळा पाठीले बांधून. तीन ऐतवार आले. चौथ्या ऐतवारी आमी बसून राहिलो, आलेच नाही. संध्याकाळी समजलं."

त्या रविवारी तुम्ही गेलात हे मला माहीत होतं. तुम्ही कुठे निघाला होतात, हे माहीत नव्हतं. एप्रिलचं ऊन, तुमचं वय, पाठीला फळा. डॉक्टर काय म्हणाले असतील ते असो, मी तेव्हापासून ते अंतर मोजते आहे. वाचनालय ते तो मोहल्ला किती? दोन किलोमीटर असेल? चढ आहे का मधे? मी मुद्दाम एक दिवस रजा टाकून भंडाऱ्याला गेले आणि ऑटो न करता चालत पाहून आले. चढ नाही. पण सावलीही नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी मी करडीला होते, एका मैत्रिणीने फोन करून कळवलं होतं. बस मिळाली नाही म्हणून अंत्ययात्रेला येता आलं नाही, असं मी नंतर तिला सांगितलं. बस होती.

भंडाऱ्याहून आले त्याच आठवड्यात साकोलीच्या वाचनालयात गेले. तिथले ग्रंथपाल तरुण आहेत, चांगले आहेत. रविवारी सकाळी दोन तास बायकांना शिकवायचं आहे, कोपरा द्या, म्हटलं. ते डोकं खाजवत म्हणाले, "मॅडम, अभ्यासिकेतली पोरं तक्रार करतील ना. आवाज होईल." मला हसू आलं की आणखी काही, सांगता येत नाही. शेवटी त्यांनी मागची पडवी दिली, सायकली ठेवतात तिथली. भांडीवाल्या बाई आता इथेच लेकीकडे राहतात. त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, तर म्हणाल्या, "आता कायले मॅडम? अंगठा चालते ना." पण पहिल्या रविवारी सगळ्यांच्या आधी त्याच येऊन बसल्या होत्या, नातीची वही घेऊन. सोबत शेजारच्या दोघी.

दुसऱ्या रविवारी अभ्यासिकेतून एक मुलगी बाहेर आली. डोळे जागरणाने सुजलेले, हातात पेन. "मॅडम, जरा हळू बोलता का? परीक्षा आहे." मी हो म्हटलं. आम्ही चौघी कुजबुजत 'कमळ' वाचलं. ती आत गेली तरी मी बराच वेळ दाराकडे पाहत राहिले. तिचा राग येत नव्हता, आला असता तर बरं झालं असतं.

आज चौथा रविवार होता. आज मी त्यांना त्यांच्या नवऱ्याच्या नावातलं जोडाक्षर दाखवलं. अक्षराच्या पायाशी एक तिरपी रेघ, बस. त्यांनी तीनदा गिरवलं, चौथ्यांदा न बघता काढलं, मग पुढची दोन साधी अक्षरं लावली, आणि नवऱ्याचं नाव वहीवर पूर्ण झालं. त्या त्याच्याकडे पाहत बसल्या. मला वाटलं, आता हसतील. त्या म्हणाल्या, "एवढंच होतं का, मॅडम?"

मी म्हटलं, हो.

"एवढंच होतं," त्या पुन्हा म्हणाल्या. "आन् मी पंधरा वर्षं अंगठा लावून राहिली. बुढा गेला, त्याच्या कागदावरही अंगठाच लावला." मग शेजारणीला वही दाखवायला वळल्या. तेव्हाच सांगायचं होतं मला. शब्द तयार होते: तो अर्ज मी लिहिला होता. तोंड उघडलं आणि म्हटलं, पुढच्या वेळी आडनाव. पुढच्या रविवारी सांगेन की नाही, मला माहीत नाही. सांगितलं तर त्या म्हणतील, जाऊ द्या ना मॅडम, लहान होत्या. आणि मग मी काय करू?

हा कागद टपालात टाकायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. तुमच्या घरी आता कोण राहतं तेही ठाऊक नाही. पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगून उठते. त्या वर्षीची परीक्षा मी नापास झाले. लोकांना सांगितलं, पेपर कठीण होता. पेपर कठीण नव्हता. वर्ग बंद झाल्यावर हॉल इतका शांत झाला, की तीन वाजले की मला झोप यायची. रोज. पुस्तक उघडं ठेवून, त्यावर डोकं टेकवून, त्या बायकांच्या वेळात मी झोपा काढल्या, सर. एकदा तुम्ही तुमच्या टेबलाजवळचा उभा पंखा उचलून आणलात, आवाज न करता माझ्या दिशेने वळवलात आणि उकाड्यात परत जाऊन बसलात. मी जागी होते.