जोड दिसत नाही

हा कागद तीन वर्षांपूर्वीच लिहायला हवा होता. उशिराबद्दल वाचणाऱ्यांची आधी माफी मागतो.

मी, चुनीलाल मोतीराम चौधरी, वय ७४, राहणार नवापूर, जिल्हा नंदुरबार, रेल्वेचा निवृत्त गँगमन, शिक्षण सातवी नापास. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीत अधूनमधून धडधडते, पण त्याने कागदाला बाध येत नाही असे वकिलांनी दोनदा सांगितले. मी तिसऱ्यांदाही विचारणार आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझ्यामागे असे व्हावे :

१. राहते घर पत्नी तापीबाई हिचे. ती आहे तोवर मुलगा हेमकांत याने विकण्याचा विषयही काढू नये. तो सुरतेला असतो, मनाने चांगला आहे, पण त्याला घाई फार. बँकेत असेल ते दोघांचे निम्मे-निम्मे.

२. माझी लोखंडी शिडी शेजारचे जालमसिंग गिरासे यांच्याकडे सहा वर्षे आहे. माफ केली. तरी एकदा मागून बघावी.

३. बारीक करवत, कानशी, चिमटे आणि भिंग नात गायत्री हिला. कापण्याआधी तिने करवतीच्या पात्याची जाडी हिशेबात धरावी. मी धरली नाही. पुढचे सगळे तिथून झाले.

४. काचेच्या पेटीतले डिझेल इंजिन.

आमच्या मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि ओळखीचे डिझेल इंजिन दिसेनासे झाले. त्याचे छोटे मॉडेल बाजारात मिळत नव्हते. म्हणून मी आणि माझे मित्र उमाकांत वळवी, निवृत्त इंजिन ड्रायव्हर, यांनी दुसऱ्या जातीच्या इंजिनांच्या प्लास्टिकच्या बॉड्या मागवल्या. माझ्या बॉडीची केबिन आणि त्यांच्या बॉडीचे लांब नाक कापून एक इंजिन करायचे ठरले. मी करवत थेट रेघेवरच चालवली. दोन्ही तुकड्यांतून पात्याएवढे प्लास्टिक गेले आणि इंजिन दोन मिलिमीटर आखूड झाले. मी हातपाय गाळून बसलो. उमाकांतभाऊंनी स्वतःच्या इंजिनासाठी जपलेली दुसरी बॉडी काढली, तिची पट्टी कापली आणि माझी फट भरली. वर पुट्टी, मग घासणे, मग रंग. त्यांचे स्वतःचे इंजिन कधीच झाले नाही.

तीन वर्षांपूर्वी नंदुरबारच्या मॉडेल-प्रदर्शनात परीक्षकांनी भिंग लावून विचारले, जोड कुठे आहे? मी म्हणालो, "जोड नाहीच साहेब. सगळे मी एकट्याने केले."

उमाकांतभाऊ दोन कप चहा घेऊन मागेच उभे होते. हळूच म्हणाले, "चुनीभाऊ, जोड खरंच दिसस नही." एक कप माझ्यापुढे ठेवला आणि तळोद्याच्या बसने निघून गेले. मी बक्षीस घेतले. चहाही प्यालो. बक्षिसापेक्षा त्या चहाची लाज जास्त वाटते.

त्यानंतर दोन पत्रे लिहून फाडली. फोन लावला, घंटी वाजताच बंद केला.

हे इंजिन मी कोणालाही देऊ शकत नाही. निम्मे त्यांचे आहे, आणि ती पट्टी तर पूर्णच त्यांची. गेल्या सोमवारी मी जोडावरचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला. आता पट्टी पांढरी दिसते. ती कोणीही पुन्हा रंगवू नये.

५. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दुसरे उमाकांत वळवीच हवेत. वकील म्हणाले, गल्लीतला कोणीही चालेल. तापीबाई म्हणाली, "तुमनी एक सहीपायी मन्हं घर लटकी ऱ्हायनं." तिचे खरे आहे. पण ज्यांच्यासमोर खोटे बोललो त्यांना सोडून दुसऱ्यासमोर कबुली दिली, तर मी पुन्हा जोडच लपवला असे होईल.

ठिकाण : नवापूर
दिनांक : १२ जानेवारी २०२५
सही : चुनीलाल मोतीराम चौधरी

साक्षीदार १ : जालमसिंग गिरासे (कलम २ वाचून सही केली. शिडी उद्या देतो म्हणाले.)

साक्षीदार २ : 

उमाकांतभाऊ, ही नक्कल तळोद्याला तुमची मुलगी प्रतिभा हिच्या पत्त्यावर पाठवतो. वरची ओळ मूळ कागदावरही तुमच्यासाठी मोकळी आहे; सहीला नवापूरला यावे लागेल. नाही म्हणायचे असेल तर तसे म्हणा, मी वाईट वाटून घेणार नाही. पण निरोप लवकर द्या. तापीबाईचे घर त्या ओळीवर अडले आहे, आणि मीही.