छान आलाय

ती. बाबा,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवते वेळेवर. हे पत्र ताईकडून वाचून घ्या, उगाच डोळे ताणू नका.

डोळ्याच्या आतला फोटो काढायला आता माझा हात चांगला बसलाय. आमच्या दवाखान्यात मोठं मशीन अजून आलेलं नाही. मोबाइल, भिंग, नळाच्या पाइपचा तुकडा आणि चिकटपट्टी, एवढ्यावर भागतं. पेशंट हसतात, पण फोटो येतो.

सुट्टीत तुम्हाला खुर्चीत बसवून काढलेला पहिला फोटो मी इथे नमुना म्हणून भिंतीवर लावलाय. काल नव्या डॉक्टरीणबाई त्याच्यासमोर थांबल्या. "हा काचबिंदू कोणाचा? पेशंटला बोलावलंत ना?"

मी "बोलावते" म्हणाले. मग डबा खाल्ला. भाजी कसली होती, आठवत नाही.

दाराची चौकट अजून खांद्याला लागते का? कप ठेवण्याआधी टेबल चाचपता का? ताई, याचं उत्तर तू दे, ते नाहीच म्हणतील.

गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली औषधाने टिकवता येते. सोमवारी ताईबरोबर डॉक्टरकडे जाच.

त्या दिवशी मी "छान आलाय" म्हणाले आणि तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, लेकीने डोळे तपासले, एकदम छान आहेत. ठरलेली तपासणीही रद्द केलीत. मला तेव्हा फोटो नुसता काढता येत होता, त्यातलं कळत नव्हतं.

बाबा, छान मी फोटोला म्हणाले होते.

तुमची,
धाकटी