आधी कोण खाणार

माय, तुला लिहायचं म्हणून ही वही तीनदा उघडली आणि तीनदा दुसऱ्याच कामाला लावली. एकदा तर मागच्या पानावर बसचे टाइम उतरवून घेतले, ती बस तशीही वेळेवर येत नाही. तू जाऊन अकरा वर्षं झाली. आज बसलोच.

मी गोष्ट लिहितो. मोबाइलवर, टोपणनावानं. नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं. तह होतो आणि पलीकडचा राजा आपला एक माणूस इकडच्या तरुण राजाकडे ओलीस पाठवतो. दरबार म्हणतो, हा हेर. म्हणून त्याला काम देतात, राजाच्या ताटातलं आधी खायचं. बावीस भागांत दोघांनी एकमेकांच्या हाताला हातही लावला नाही. राजा फक्त त्याच्या घशाकडे बघतो, घास उतरेपर्यंत. आधी विषाच्या भीतीनं बघायचा. आता कशानं बघतो ते त्यालाच कळतं, आणि दरबाराला कळू नये म्हणून त्याची झोप उडते.

तू शाळेत खिचडी शिजवायचीस. मी ताट घेऊन रांगेत उभा, आणि सर म्हणतात, "बाई, आधी तुमी खा." नियम होता, मग सरही खायचे, वहीत सही व्हायची. पण तुझ्या आधीच्या बाईच्या वेळी सर पहिले खायचे. मी तुला विचारलं, तर चुलीजवळच झापलंस, "कायले डोकं लावून राहिला? गरम हाय तवर खा." आणि बुडाची करपलेली खरवड, मला आवडायची ती, ताटात वाढलीस. नियम होता की आपण बौद्ध म्हणून, अजून समजलं नाही. तेव्हापासून कोणी वाढलं की मी आधी वाढणाऱ्याकडे बघतो.

तिरोड्यात मी ज्या खोलीत राहायचो तिथं सोबत एक वेल्डर होता. भात तोच करायचा, मी फक्त बसून इकडचं तिकडचं बोलायचो. एका संध्याकाळी कांदा चिरता चिरता म्हणाला, "का गा, त्या राजाले अजून किती दिवस उपाशी ठेवशीन?"

"कोनता राजा?"

"कोनता म्हन्ते! बावीस भाग झाले, बिचारा निसता पाहूनच राहिला."

आणि हसला. मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. माझा फोन पाहिला? कामावरच्यांना वाचून दाखवलं? हसला तो कोणावर? रात्रीचं जेवलो नाही. सकाळी तो कामावर गेला आणि मी बॅग भरून चिचगडला मावशीकडे निघून आलो, मोहफुलं वेचायला.

मला तो आवडतो, माय. तू असतीस तर हे तुझ्यासमोर बोललो असतो का, माहीत नाही. विचारायचं एवढंच आहे की, ज्याच्यावर भरोसा नाही त्याच्या हातचं माणूस खातं कसं?

थांब. मावशी अंगणातून ओरडून राहिली आहे, "अरे पोट्ट्या, तिरोड्याचा कोनी आला पाह्य! हेल्मेट धरून उभा हाय, तुलेच विचारते."

मी इथं आहे हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

खोटं. परवा तेविसावा भाग टाकला. त्यात ओलीस पळून जंगलातल्या एका गावात लपतो. बाकी सगळी नावं मनानं केलीत, त्या गावाचं तेवढं चिचगडच राहू दिलं.