तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघर बंद

अण्णा, कंबोडिया मंजूर झाला. आज सकाळी, आमच्या ऑफिसातल्या लांब टेबलाशी बसून, तासभर वाद घालून मंजूर करून घेतला. पुढच्या वर्षीच्या सहलींच्या पुस्तिकेत तो छापला जाणार आणि पहिली तुकडी घेऊन मीच जाणार. हे ऐकल्यावर तुमचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे, म्हणून त्याचंच उत्तर आधी देते. तांदूळ तिथे उत्तम मिळतो. लांब दाण्याचा, झाकण काढलं की मोगऱ्यासारखा वास येणारा. पाणी आपल्यापेक्षा कमी लागतं. पहिल्यांदा शिजवताना मला ते कळलं नाही आणि माझ्या भाताचा गोळा झाला. तुम्ही असता तर पातेल्यात नुसतं डोकावून पुढे गेला असता, आणि ते मला चार शब्दांपेक्षा जास्त लागलं असतं.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तेव्हा मी न्यूझीलंडमध्ये नवीन होते आणि थंडीत बोटं वाकत नाहीत अशी तक्रार तुम्हाला पत्रातून करत होते. आता मी ऑकलंडच्या पूर्वेला, बॉटनी डाउन्समध्ये राहते आणि एका प्रवासी कंपनीत सहली आखते. कुठल्या दिवशी कुठे जायचं, कुठे थांबायचं, काय वगळायचं, हे ठरवणं माझं काम. तुमची नात म्हणते, "मम, यू ईव्हन टेल द सनसेट व्हेन टू हॅपन." मी मराठीत रागावते, ती इंग्रजीत हसते. माझ्या कॉलेजच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'पर्यटन' असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. पुण्याच्या यात्रा कंपनीबरोबर तुम्ही तीस वर्षं देशभर हिंडलात, पितळी पातेली, शेगड्या आणि मसाल्याचा डबा घेऊन. काश्मीरपासून रामेश्वरपर्यंत लोकांना वरणभात घातलात. पण 'आचारी' हा शब्द मी त्या अर्जावर लिहिला नाही, हेही खरं.

कंबोडियाला आमच्या साहेबांचा विरोध होता. इथे साहेबांना नावाने हाक मारतात, मला अजून जड जातं. माणूस सज्जन, पण हिशेबी. त्यांचं म्हणणं असं की लोक येतात, अंगकोरची देवळं बघतात, दोन रात्री राहतात आणि शेजारच्या देशात निघून जातात. एका देवळावर आठ दिवसांची सहल उभी राहत नाही. शिवाय लोकांच्या डोक्यात अजून तिथलं युद्ध आहे. मी म्हटलं, मला एकदा नेऊन दाखवू द्या. शेवटी नोव्हेंबरात त्यांनी अकरा प्रवासी दिले, सगळे न्यूझीलंडात राहणारे मराठी लोक. हे अकरा जण खूश परतले तर बघू, नाहीतर फाइल बंद, असं स्वच्छ सांगून.

अण्णा, अंगकोरशेजारचं ते सिएम रीप गाव तुम्ही बघायला हवं होतं. भाताची खाचरं आहेत, त्यांच्या पलीकडेच हॉटेलचा सांगाडा उभा राहतोय, बांबूची परांची बांधलेला. धुळीचा रस्ता अर्धा झालाय, अर्धा व्हायचाय. संध्याकाळी पाचनंतर घराघरातल्या ओसरीवर वर्ग भरतात. एकीकडे इंग्रजी, एकीकडे जपानी, एकीकडे कोरियन, आणि विद्यार्थी म्हणजे दिवसभर गाडी चालवून किंवा खोल्या झाडून आलेली माणसं. आमचा चालक असाच शिकलेला. वाक्यात क्रियापद नसायचं, पण उत्तर कधी चुकायचं नाही. सगळं गाव बाहेरगावच्या परीक्षेला बसल्यासारखं दिसतं. मी पंचवीस वर्षं सहली आखतेय, इतकी घाई आणि इतकी उमेद एका जागी पाहिली नाही. देवळांच्या पलीकडे भलंमोठं तळं आहे, त्यात खांबांवर उभी गावं आहेत. दक्षिणेला समुद्राजवळ मिरीचे वेल आहेत. हिरवी मिरी घोसानेच परततात, ती खाल्ल्यावर मला तुमचा मसाल्याचा डबा आठवला. दोन रात्रींत काय बघणार लोक? ही बाजू मी साहेबांना नकाशा पसरून दाखवली. पण नकाशाने कंबोडिया मंजूर झालेला नाही. तो मंजूर झाला एका घोटाळ्यामुळे, आणि घोटाळा माझा होता.

मी फर्मान काढलं होतं की कोणीही खायचं सामान बांधून आणायचं नाही. तुम्ही मराठी माणसाला देशभर वरणभात पुरवत फिरलात, आणि त्याने तो कुठेही गेला तरी आपल्याच ताटात जेवला, असं मी कॉलेजात असताना तुमच्या तोंडावर म्हटलं होतं. तेच मत कायम ठेवून मी निघाले. हॉटेलला महिनाभर आधी लिहून कळवलं, सात जण शाकाहारी, मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. त्यांनी मान्य केलं आणि पहिल्याच संध्याकाळी फार चवदार भाज्या वाढल्या. आमच्यात टौरंगाहून आलेल्या एक काकू होत्या, वय सत्तर, जन्मात अंड्याला शिवलेल्या नाहीत. मुलगा तिथल्या बंदरात इंजिनियर. काकूंनी दोनदा भाजी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गरम पाणी मागायला मागच्या अंगणातल्या स्वयंपाकघरात गेले, तर तिथली स्वयंपाकीण आमच्या घेवड्यावर एका बाटलीतून काहीतरी तपकिरी ओतत होती. वास आला आणि मला कळलं. माशाचा रस. तिच्या लेखी तो मासा नव्हताच. आपण मीठ घालतो तसं ते होतं. मीठ घातलं म्हणून कोणी कळवतं का?

मी लपवलं नाही. नाश्त्याच्या टेबलावर उभी राहून सांगितलं. मग काकू म्हणाल्या, "तुमच्या कंबोडियात मासेही शाकाहारी असतात वाटतं." लोक हसले, पण काकूंनी बशी पुढे सरकवली आणि त्या दिवसभर केळ्यांवर राहिल्या. माझ्या डोळ्यांपुढे फाइल बंद होताना दिसत होती. मी सगळ्यांना चालकाबरोबर अंगकोरला पाठवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेले. मंडळी निघण्यापूर्वीच काकूंच्या खोलीचं दार वाजवलं आणि विचारलं, सामानात काय आहे ते खरं सांगा. बेसन निघालं, गोडा मसाला, हिंग, मेतकुटाची बरणी, हे सगळं चपलांच्या पिशवीत. दुसऱ्या दोघांकडून तूरडाळ निघाली, बाकीच्यांकडून लोणचं, पापड, शेंगदाणे. माझं फर्मान एकानेही पाळलं नव्हतं, अण्णा. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

स्वयंपाकीण माझ्याच वयाची होती. कोळशाच्या मातीच्या चुली, खाली बसून काम. मी पिठलं केलं, ती बघत होती. तिने तांदळाचं पीठ काढून दिलं, मी भाकऱ्या थापल्या. तिने एकदा थापून बघितली, फाटली, तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू दोष पिठाचा आहे. आमच्यात एकही शब्द सामाईक नव्हता आणि आमचं उत्तम चाललं होतं. दुपार झाली. डाळ उकळत होती, अंगण धुरकट झालं होतं, आणि एकदम लक्षात आलं की ज्या देवळासाठी मी दीड वर्ष साहेबांशी भांडले, त्याच्यापासून थोड्याच अंतरावर मी पातेलं ढवळत उभी आहे आणि माझी माणसं ते बघून येताहेत. चालक परतल्यावर मी त्याच्यामार्फत तिला विचारलं, तुला कुठलं देऊळ आवडतं? तिने हात पुसले आणि सांगितलं की ती दुसऱ्या प्रांतातली. इथे येऊन दोन वर्षं झाली, अजून एकही पाहिलं नाही. पहाटे नाश्ता असतो, मग दुपारचं, मग रात्रीचं. आणि पाहुणे असतात तेव्हाच तर काम असतं.

तुम्हाला हळेबीड आठवतंय? मी बारा वर्षांची आहे. आई बाळंतपणाला माहेरी गेलीय, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मला सहलीबरोबर आणलंय. देवळाच्या कुंपणाबाहेर झाडाखाली तुमची चूल लागलीय. मंडळी देऊळ बघायला आत गेली, त्यांच्यामागून मीही जाऊन आले. तुम्ही कांदा चिरताय. मान वर न करता विचारता, काय पाहिलंस. देऊळ, मी म्हणते. ते मलाही इथून दिसतंय, आत काय आहे? मी म्हणते, दगड. तुमचा हात थांबतो.

"लोक आयुष्यभर वाट बघून इथे येतात आणि तू दगड म्हणतेस? परत जा. नीट बघ. मग जेवायला बस."

मी पाय आपटत गेले. भिंतीच्या तळाशी हत्तींची रांग होती. परत येऊन सांगितलं, हत्ती आहेत. तुम्ही विचारलंत, सगळे सारखे? मला माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा गेले. कुठल्या हत्तीने सोंड वळवलीय, कोणी पाय उचललाय, बायकांच्या गळ्यातली माळ दगडापासून सुटी कशी कोरलीय, आत बोट घालता येतं, हे सगळं बघून आले आणि घडाघडा सांगितलं. तुम्ही कांदा तसाच ठेवून ऐकत होता. मग म्हणालात, बस आता. भात बरोबर झाला होता. वर्गात, ऑफिसात, विमानतळावर, मी जे काही नीट बघते ते त्या दिवसापासून. आयुष्यभर मी ती शिक्षा समजले आणि ती चांगली शिक्षा होती असं मुलीलाही सांगत आले.

तर तिसऱ्या दिवशी मी हॉटेलच्या मालकिणीला सांगितलं, आज तुमचं स्वयंपाकघर बंद. मालकीण घाबरली. मी म्हटलं, जबाबदारी माझी. आदल्या संध्याकाळच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी फडक्यात बांधली. स्वयंपाकीण ठेवणीतला रेशमी सारोंग नेसून गाडीत बसली, पुढच्या सीटवर, आणि आम्ही अंगकोरमधल्या बायोनला गेलो. प्रचंड दगडी चेहऱ्यांचं देऊळ आहे ते. सगळे वर बघत असतात. पण खालच्या भिंतीवर रोजचं जगणं कोरलंय, बाजार, कोंबड्यांची झुंज, आणि अण्णा, स्वयंपाक. माणसं ताटं घेऊन धावताहेत, एकजण चुलीपुढे वाकून बसलाय, वर पातेलं आहे. आठशे वर्षं तो तिथे भात शिजवतोय. स्वयंपाकीण त्याच्यापुढे उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. बराच वेळ बघितलं. मग काहीतरी बोलली आणि चालक इतका हसला की त्याला आधी सांगताच येईना.

"म्हणते, जाळ फार. करपणार याचा भात."

काकू पुढे झाल्या, भिंतीला नाक लावून त्यांनी जाळ तपासला आणि म्हणाल्या, खरंच की. त्या दोघींनी मग सगळी भिंत एकमेकींना दाखवली, एक ख्मेरमध्ये, एक मराठीत. जवळच लोक अख्खं डुक्कर पातेल्यात सोडताहेत असं कोरलंय, तिथून मात्र मी काकूंना वेळेवर पुढे काढलं. दुपारी तळ्याच्या काठी बसून सगळ्यांनी गार भाकरी खाल्ली. परतताना ऑकलंडच्या विमानतळावर तपासनिसाने आमच्या बुटांना लागलेली तिथली लाल माती घासून काढली, नियमच आहे. मला वाईट वाटलं.

आज टेबलावर माझा आराखडा होता. त्यात तिसऱ्या दिवसापुढे मी लिहिलं होतं: स्वयंपाकघर बंद, स्वयंपाकी आणि चालक सहलीबरोबर, दुपारी गार जेवण. साहेबांनी सगळं मान्य करून नेमकं त्यावर बोट ठेवलं. म्हणाले, लोक सुट्टीवर गरम जेवण मागतात, हे काढा आणि उद्याच छापायला देऊ. मी म्हटलं, ते राहणार नसेल तर तुकडी दुसऱ्या कोणीतरी न्यावी. मग सांगितलं की त्या देशाचं पर्यटन जोरात वाढणार, मला तिळमात्र शंका नाही, आणखी थोड्या वर्षांत ते गाव ओळखू येणार नाही. पण हॉटेलं कोणीही बांधेल. आपल्या पाहुण्यांबरोबर भिंतीपुढे उभी राहून जिला हसता येतं अशी स्वयंपाकीण आपल्या सहलीत असेल, तर लोक दोन रात्रींत निघणार नाहीत. साहेबांनी प्रवाशांचे अभिप्राय चाळायला घेतले आणि एक मोठ्याने वाचला. टौरंगाच्या काकूंनी मुलाकडून इंग्रजीत लिहून घेतलेला. 'पहिल्या दिवशी फसवणूक झाली. तिसरा दिवस सगळ्यात चांगला. भाकरी वातड होती. मी पुन्हा जाणार आहे.' साहेबांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "स्वीट अ‍ॅज." म्हणजे मंजूर.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून कंबोडियाच्याच फाइलमध्ये लावून ठेवते. एक राहिलं. हळेबीडला तिसऱ्यांदा देवळाकडे जाताना मी वळून पाहिलं होतं. तुम्ही झारा हातात धरून, टाचा उंचावून, कुंपणावरून आत बघत होता. भात उतरवायचा कधी हे मला बाराव्या वर्षी येत होतं, तुम्हीच शिकवलं होतं. तुम्ही जाऊन या, भात मी बघते, एवढंच म्हणायचं होतं. मला सुचलंही होतं, अण्णा. पण मी चिडलेली होते आणि मला भूक लागली होती, म्हणून म्हटलं नाही.